अडगळीतला पीसी होऊ शकतो राऊटर! पण तुम्हाला परवडेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि धडधाकट कॉम्प्युटरही अनेक घरांत अडगळीत गेले. असा पीसी भंगारात देण्याआधी हे वाचा.

राऊटर नेमकं करतो काय?

स्वारगेटचा जेधे चौक आठवा. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, शिवाजी रस्ता अशा सगळीकडून गाड्या येतात आणि प्रत्येकीला योग्य वाटेला लावावं लागतं. राऊटर डेटाच्या पॅकेटवरचा पत्ता वाचून हेच करतो. त्यासाठी लागतो प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्कची दोन तोंडं. म्हणजे घरातला तो छोटा डबाही कॉम्प्युटरच आहे. १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झालं, तेव्हा हे काम हनीवेल कंपनीच्या मिनीकॉम्प्युटरवरच चालायचं.

मग जुना पीसी कशाला?

कारण सुरक्षा. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने जगभरात किमान ५ लाख राऊटर आणि तत्सम उपकरणं बाधित केली होती. स्वस्त राऊटरला कंपनी काही वर्षांनी अपडेट देणं थांबवते. पीसीवर मात्र ओपीएनसेन्स, पीएफसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत सॉफ्टवेअर चालतात आणि त्यांना अपडेट मिळत राहतात. शिवाय एका कनेक्शनवर चाळीस मुलं बसणाऱ्या अभ्यासिकेत छोटा डबा दमतो, पीसीकडे मेमरी भरपूर असते.

काय लागेल?

६४ बिट प्रोसेसर, एक जादा लॅन कार्ड आणि इन्स्टॉल करायला पेन ड्राइव्ह. हार्ड डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप आधी घ्या. फायबरचा डबा काढायचा नाही, तो ब्रिज मोडवर टाकून द्यायला इंटरनेटवाल्याला सांगा. वाय-फायसाठी जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो.

खरी मेख विजेची

पीसी ५० वॅट खात असेल, तर चोवीस तास चालून महिन्याला ३६ युनिट होतात. ८ वॅटच्या राऊटरला सहाच्या आसपास. फरक ३० युनिटचा, तोही दर महिन्याला. वीज गेली तर पीसीला यूपीएसही मोठा लागतो.

थोडक्यात, घरात चार मोबाईल असतील तर अपडेट मिळणारा साधा राऊटर पुरे. अभ्यासिका, छोटं ऑफिस किंवा शिकायची हौस असेल, तर तो पीसी भंगारवाल्याला देऊ नका.