झाकल्या मुठीतील कर्ज

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, क्रिकेटच्या विश्वचषक स्पर्धेची धामधूम चालू असताना, पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाला मोबाइलवरील पैशांच्या खेळात दीड कोटी रुपयांचे बक्षीस लागले. अभिनंदनाचा वर्षाव झाला, वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे पुढे आले, आणि थोड्याच दिवसांत त्याच उपनिरीक्षकाच्या हाती निलंबनाचा आदेश पडला. त्यावर पुणे परिसरात भरपूर चर्चा झाली. खेळाला कायद्याची आडकाठी नाही, त्याची जाहिरात नामवंत क्रिकेटपटू करतात, बक्षिसावर सरकार कर घेते. मग या माणसाचा अपराध कोणता, असे एक पक्ष म्हणे. अंगावर वर्दी असताना अशा खेळाचे कौतुक मिरवणे शोभत नाही, असे दुसरा पक्ष म्हणे. एक प्रश्न मात्र दोन्ही पक्षांना फारसा सुचला नाही. दीड कोटींची रक्कम आभाळातून पडलेली नव्हती. पैसे लावून हरलेल्या असंख्य माणसांच्या खिशांतून ती जमा झाली होती. ती माणसे कोण होती, आणि त्यांतील किती जणांनी घरी जाऊन खरे सांगितले, याची विचारपूस करण्यास कोणी गेले नाही.

जुगाराकडे पाहण्याची आपल्या समाजाची रीत ही अशी आहे. जिंकलेल्याची मिरवणूक निघते आणि हरलेला मुकाट्याने घराचा मागचा दरवाजा गाठतो. जुगाराचे व्यसन वाढते ते या दोहोंच्या मधल्या अंधारात, आणि त्यातून माणूस बाहेर पडत नाही तोही याच अंधारामुळे.

वास्तविक या विषयात आपली परंपरा आंधळी नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे एका जुगाऱ्याचेच आत्मकथन आहे. फासे सोडण्याचा निश्चय करणारा आणि फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा तिकडे ओढला जाणारा हा माणूस आपल्या पत्नीच्या दुःखाची आणि डोक्यावरील कर्जाची कबुली देतो. महाभारतातील सभापर्व तर सर्वांना ठाऊकच आहे. परंतु त्याच परंपरेने कोजागरीच्या रात्री अक्षक्रीडा सांगितली आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा हे नावही दिले. सणाचा खेळ सणापुरता, ही त्यातील मर्यादा. ती मर्यादा पुसट झाली आणि सवलत तेवढी उरली. गणेशोत्सवात मांडवामागे रात्र जागवण्यासाठी मांडलेला तीन पत्तीचा डाव ‘पोरांची गंमत’ ठरतो. त्या गमतीत पगाराचे पाकीट रिकामे झाले, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न!

पुण्यासारख्या शहरात या सवलतीला प्रतिष्ठेचे पदरही सुटले. लष्कर भागातील घोड्यांच्या शर्यतीचे मैदान १८३० सालचे. पावसाळ्यात तेथे शर्यतींचा हंगाम भरतो, आणि तेथील हजेरी हे एका वर्गात दीर्घकाळ खानदानीपणाचे लक्षण मानले गेले. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याने जुगाराचा अड्डा चालविणे आणि तेथे सापडणे हे गुन्हे ठरविले. पण परवान्याने चालणाऱ्या शर्यतींवरील पैजेसाठी कायद्याने वाट मोकळी ठेवली, आणि १९१२ च्या शर्यत-मैदान परवाना कायद्याने त्या वाटेची रीतसर व्यवस्था लावली. याउलट मटका. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर मुंबईत जो आकड्यांचा सट्टा चाले, तो ते भाव येणे थांबल्यावर साठीच्या दशकाच्या आरंभी मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून चालू राहिला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्या काळात घरोघरी पोहोचली. गिरणी कामगार, हमाल, रिक्षावाले यांच्या तोंडी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द बसले. मैदानात दुर्बीण लावून हरणारा शौकीन ठरला, आणि पानाच्या टपरीमागे चिठ्ठी फाडून हरणारा मात्र जुगारी. दोघांच्या घरी महिनाअखेरीस जे घडे, त्यात फरक असलाच तर रकमेचा.

शासनाची भूमिकाही अशीच दुटप्पी राहिली. १९५७ मध्ये, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांसंबंधीच्या चमारबागवाला खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की जुगार हा घटनेचे संरक्षण मिळावे असा व्यापारच नव्हे. त्यानंतर बाराच वर्षांनी, १९६९ च्या एप्रिलमध्ये, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांना मटक्यापासून दूर न्यावे, हाही तिचा एक हेतू सांगितला गेला. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंचा कायदा केला. तो कधीच अंमलात आणला नाही, पण रद्द करण्यास २०२३ साल उजाडावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. ‘कौशल्य’ हा शब्द पुढे मोबाइलवरील खेळांच्या कंपन्यांच्या फार उपयोगी पडला. रमी कौशल्याची, क्रिकेटचा काल्पनिक संघ निवडणे कौशल्याचे, मग हरणारा तेवढा अकुशल! न्यायालयापुढचा हा भेद कितीही सूक्ष्म असो, ज्याला खेळ थांबविता येत नाही त्याच्या बाबतीत तो व्यर्थ आहे. कुशल माणसालाही व्यसन लागते. किंबहुना आपण कुशल आहोत हा विश्वासच त्याला पुढच्या डावाकडे नेतो.

अड्डा खिशात आला, ही गेल्या दहा-बारा वर्षांतील खरी उलथापालथ. मटक्याच्या अड्ड्यावर जाताना कोणी पाहील, ही भीती तरी असे. मोबाइलवरील डाव कचेरीच्या टेबलाखाली, लोकलच्या गर्दीत, झोपलेल्या मुलाच्या उशाशी बसूनही खेळता येतो. पैसे संपले तर त्याच पडद्यावर कर्ज देणारेही हजर असतात. २०२३ ते २०२५ या काळात तर भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखावरच अशा खेळाच्या कंपनीचे नाव होते. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवला, आणि असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने गुन्हेगार मानले नाही, ही त्यातील विवेकाची बाब होय. तथापि कायद्याकडून किती अपेक्षा करावी, याचे उत्तर १८८७ च्या कायद्याने देऊन ठेवले आहे. तो असतानाच मटका वाढला. दुकान बंद करणे कायद्याला जमते. गिऱ्हाइकाच्या मनातील ओढ बंद करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ही ओढ म्हणजे काय, हे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील एका प्रसंगाइतके क्वचितच कोणी दाखविले असेल. द्यूतात दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक देणेकऱ्यांना चुकविण्यासाठी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तेथेच बसून फासे टाकू लागतात. जीव वाचविण्यासाठी दगड झालेला हा माणूस फाशांचा आवाज ऐकून राहवत नाही म्हणून पुढे येतो आणि पकडला जातो. त्याला हाव होती असे म्हणून भागत नाही. त्या क्षणी त्याला स्वतःचा जीवही आठवत नाही.

आधुनिक वैद्यकाने या अवस्थेला आजाराचे नाव दिले ते बऱ्याच उशिरा. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये तिची मनोविकारांत नोंद केली आणि २०१३ मध्ये तिला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही ती व्यसनांमध्येच आहे. या व्यसनाचे मर्म बक्षिसाच्या अनिश्चिततेत आहे. दर वेळी मिळणाऱ्या किंवा कधीच न मिळणाऱ्या गोष्टीचा माणसाला कंटाळा येतो. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेल्या गोष्टीचा येत नाही. थोडक्यात हुकलेला आकडा त्याला हार वाटत नाही, जिंकण्याची चाहूल वाटते. आणि गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी आणखी पैसे लावणे, ही या आजाराची सर्वांत घातक पायरी. येथून पुढे माणूस सुखासाठी खेळत नाही, कर्ज फेडण्यासाठी खेळतो. नैराश्य आणि आत्महत्येचा धोका या रुग्णांत सामान्यांपेक्षा अधिक आढळतो, तो यामुळेच.

दारूचा वास येतो, तोल जातो, शेजाऱ्यांना कळते. जुगाराला वास नाही. म्हणून घरच्यांना कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मग मराठी मध्यमवर्गीय घरात काय घडते, हे वाचकांना निराळे सांगावयास नको. वडील निवृत्तीच्या रकमेतून पैसे काढतात, आई पाटल्या मोडते, थोरला भाऊ पतपेढीचे कर्ज घेतो. मुलाकडून देवापुढे शपथ घेतली जाते आणि ‘बाहेर वाच्यता नको’ असे ठरते. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर वाढलेले घर याहून वेगळे काय करणार? पण या मुठीत सव्वा लाखाची पत नसते, तेवढ्याच रकमेचे कर्ज असते. सावकाराचा तगादा मिटतो आणि त्याबरोबर ज्या एका गोष्टीने माणूस भानावर आला असता तीही मिटते. खेळणाऱ्याच्या मनात एवढाच बोध उरतो की कितीही हरले तरी शेवटी कोणीतरी भरतेच. पुढच्या वेळी सांगितलेला आकडा खऱ्या कर्जाच्या निम्माच असतो, कारण पूर्ण सांगण्याचे धैर्य त्या शपथेनेच हिरावून घेतलेले असते. प्रेमापोटी केलेली ही मदत आजाराच्या पथ्यावर पडते, हे कटू असले तरी सत्य आहे.

मग उपाय काय? पुण्याला तो परका नाही. गर्दच्या विळख्यात तरुण पिढी सापडत असताना १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्यास मोठा हातभार लागला. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, आणि तो एकटा बरा होत नाही, घरासह बरा होतो, ही शिकवण या संस्थेने महाराष्ट्राला दिली. आपल्यासारख्याच माणसांपुढे उभे राहून स्वतःची कहाणी खरी सांगणे, हा तेथील उपचाराचा गाभा. हेच सूत्र घेऊन १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे जुगाराच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा ‘गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस’ हा स्वमदत गट सुरू झाला. भारतातही काही शहरांत त्याच्या सभा भरतात. दारूबाबत जे पुणेकरांनी स्वीकारले, ते जुगाराबाबत स्वीकारण्यास अद्याप संकोच आहे, एवढेच.

बरे होण्याच्या वाटेवरील पायऱ्या साध्या आहेत, सोप्या नाहीत. पहिली पायरी म्हणजे संपूर्ण कर्जाची यादी कागदावर मांडणे, मित्राकडून घेतलेल्या पाचशे रुपयांसह. दुसरी, घरातील पैशांचा व्यवहार काही काळ पत्नीच्या किंवा अन्य विश्वासू व्यक्तीच्या हाती देणे. कादंबरीकार दस्तयेव्हस्की रुलेटच्या चक्रातून १८७१ मध्ये कायमचा सुटला. पुढे त्याच्या कर्जाचा आणि प्रकाशनाचा व्यवहार पत्नी अ‍ॅनाने सांभाळला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिसरी, कर्ज ज्याचे त्यानेच, हप्त्याहप्त्याने, आपल्या कमाईतून फेडणे. घरच्यांनी सोबत करावी, भरणा करू नये. चौथी, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे. २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आणि शेवटची, पाय पुन्हा घसरला तर ते त्याच दिवशी सांगणे. घसरण्याने उपचार वाया जात नाही. घसरल्याचे लपविण्याने जातो.

समाजाच्या वाट्याचे कामही आहेच. कर्जबाजारी कर्मचारी दिसला की कार्यालयाने केवळ चौकशीची नोटीस न काढता उपचाराची वाटही दाखवावी. पतपेढ्यांनी तिसऱ्यांदा आलेल्या अर्जामागचे कारण विचारावे. बक्षीस लागलेल्याचे छायाचित्र छापताना ते पैसे कोणाचे, हा प्रश्न वृत्तपत्रांनी स्वतःला विचारावा. शर्यतीच्या मैदानावरील हार आणि टपरीमागची हार यांना एकाच मापाने मोजण्याचा प्रामाणिकपणा पुण्याच्या पांढरपेशा वर्गाने दाखवावा.

संवाहकाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वसंतसेनेने आपले कंकण देऊन त्याचे देणे फेडले. त्यायोगे तो मारातून सुटला. फाशांतून सुटला तो स्वतःच्या निश्चयाने. द्यूताकडे पाठ फिरवून तो बौद्ध भिक्षू झाला, आणि नाटकाच्या अखेरीस मरणाच्या दारी पडलेल्या वसंतसेनेला त्यानेच वाचविले. बरा झालेला जुगारी कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही. पण त्यासाठी घराने आपली मूठ उघडली पाहिजे, आणि ती उघडणाऱ्याला समाजाने हसता कामा नये.