हिरवळ पिवळी का पडते?

पालघर-बोईसर परिसरातल्या अनेक नव्या वसाहती, बंगले आणि लग्नाची लॉन्स जुन्या भातखाचरांवर उभी आहेत. हिरवळीची पुष्कळ दुखणी तिथूनच सुरू होतात. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या जमिनीत वीतभर खाली घट्ट थर बसतो. भाताला साचलेलं पाणी हवं असतं, म्हणून तिथे तो थर उपयोगाचा. गवताला मात्र निचरा लागतो. पावसाळ्यात मुळं गुदमरतात, शेवाळ चढतं, बुरशीचे गोल तपकिरी डाग पडतात. अशा वेळी युरिया टाकू नका. कोवळ्या पात्यांवर बुरशी अधिकच पसरते. आधी पाण्याला वाट काढून द्या. उघडीप मिळाली की काट्याने भोकं पाडून त्यात जाड वाळू भरा.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात डाग दिसला, तर तिथलं गवत ओढून पाहा. चटईसारखं अलगद उचललं गेलं, तर मुळं हुमणीने खाल्ली आहेत. या अळीचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच ते झाडून गोळा करून मारले, तर पुढची अंडी टळतात. अळ्यांसाठी मेटारायझियम ही उपयोगी बुरशी ओल्या मातीत मिसळता येते.

लव्हाळा मात्र चिवट. वरून उपटला तर जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. खुरप्याने गाठीसकट काढा, आणि पुन्हा उगवला की लगेच काढत राहा. बाहेरून आणलेल्या मातीतून या गाठी येतात, म्हणून ती आधी तपासून घ्या.

किनाऱ्यालगत बोअरचं पाणी उन्हाळ्यात खारट झालं, तर पात्यांची टोकं करपतात. तिथे तेच पाणी वाढवल्याने मीठ वाढतं. कापणीतही घाई नको: एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग काढावा, नाहीतर मुळं दुबळी होतात.

एप्रिल-मेमध्ये हरळी तपकिरी पडली, तर घाबरू नका. ती मेलेली नसते, थांबलेली असते. पाऊस पडताच पुन्हा फुटते. याच जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर त्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा पिण्याजोगं पाणी रोज हिरवळीवर सोडू नये. जी जमीन आणि जो ऋतू आपल्याला मिळाला आहे, त्याच्या कलाने वाढवलेली हिरवळच टिकते.