डेमो गाजला, पण गेम आलाच नाही. ‘स्टार वॉर्स १३१३’ का रद्द झाला?

जून २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ई-३’ प्रदर्शनात ‘स्टार वॉर्स १३१३’चा डेमो गाजला. कोरसँट ग्रहाच्या पोटातली गुन्हेगारी वस्ती आणि बक्षिसासाठी माणसं पकडणारा नायक, अशी ही साहसकथा होती.

नेमकं काय घडलं?
ऑक्टोबरमध्ये डिस्नेने लुकासफिल्म सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. ३ एप्रिल २०१३ रोजी लुकासआर्ट्स या स्टुडिओचं गेमनिर्मितीचं काम थांबवण्यात आलं. स्वतः गेम बनवण्यापेक्षा इतर कंपन्यांना परवाने देण्यात जोखीम कमी, हे त्यामागचं गणित.

फटका कुणाला?
कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. हक्क कंपनीकडेच असल्याने त्यांना हा गेम दुसरीकडे पूर्ण करणंही शक्य नव्हतं. चाहत्यांकडे उरले फक्त डेमोचे व्हिडिओ.