स्त्रीचे मन आणि चित्रपटाची निवड
रायपुरातल्या आम्हां मराठी कुटुंबांत जुने चित्रपट घरीच पाहिले जातात. निवड बहुधा पुरुष करतो, आणि तेथेच चूक होते.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीस मातृवियोग झाला. तिचे मन रमावे म्हणून मी राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) हा विनोदी चित्रपट लावला. ती मुकाट्याने उठून गेली. आठ दिवसांनी तिने स्वतःच आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) निवडला, मनसोक्त रडली आणि त्या रात्री शांत झोपली.

शोकार्तांना नाट्य विश्रांती देते, असे भरतमुनींनी म्हटले आहे. पण ही विश्रांती केवळ हास्यातून मिळत नाही. आपले दुःख दुसऱ्याच्या कथेत दिसले की ते एकट्याचे उरत नाही. संतापाचेही तसेच. ‘कुंकू’मधील (१९३७) नीरा लादलेला जरठविवाह मनाने स्वीकारत नाही, कोंडलेल्या रागाला तिच्या रूपाने वाचा फुटते. विनोद मानवतो तो श्रमलेल्या मनाला.

तेव्हा श्रोतेहो, मन ओळखल्याचा आव न आणता आधी विचारावे, “आज काय पाहू या?” उत्तर रोज बदलले, तर त्यास लहर म्हणू नये.