मधले नाव

मराठी घरात मुलाचे मधले नाव कोणी निवडत नाही. ते वडिलांचे असते, म्हणजे बारशाच्या आधीच ठरलेले. पाळण्यापाशी आत्या बाळाच्या कानात सांगते ते पहिले नाव. सुनील मनोहर गावसकर किंवा सचिन रमेश तेंडुलकर या नावांत घरच्यांनी ठरवला तो फक्त पहिला शब्द. गुजरातेतही हीच रीत. मोहनदास करमचंद गांधी हे तिथले सर्वपरिचित उदाहरण.

थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे आणि तिच्यामुळे होणारा घोळ मधले नावच निस्तरते. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव. ‘बल्लाळ’ हे बाळाजीचेच रूप. आजोबा आणि नातू दोघेही बाळाजी, दोघेही पेशवे. कोणता कोण, हे मधल्या नावावरून कळते.

वडील बदलले की हे नावही बदलते. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तकविधानानंतर विष्णू वामन. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ मिळाले. मराठी वाचकाच्या तोंडी बसलेली ‘वि. स.’ आणि ‘वि. वा.’ ही आद्याक्षरे अशी दत्तकाने आलेली आहेत. मराठीत आद्याक्षर काना-मात्रेसह लिहितात, त्यामुळे ‘र. धों.’ म्हटले की धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव लगेच ओळखू येतात. इंग्रजी आद्याक्षरांत ही सोय नाही.

मधले नाव ठरलेलेच असल्याने पहिले नाव त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. हौसेने नाव शोधणारे पालक नेमके हेच विसरतात. वडील ज्ञानेश्वर किंवा चंद्रशेखर असतील तर मुलाला दोन-तीन अक्षरी नाव शोभते. पहिले नाव ज्या अक्षराने संपते त्यानेच मधले सुरू झाले, तर बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळतात. ‘विनय यशवंत’ भरभर म्हणून पाहावे. ‘रमेश सुरेश’सारखे यमक हजेरीपटावर हमखास हशा पिकवते. आडनावासकट पूर्ण नाव दोन-चारदा मोठ्याने म्हणणे हीच खरी परीक्षा.

आता त्यात आणखी एका नावाची भर पडली आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2024च्या निर्णयानुसार, 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. उदाहरणार्थ, आर्यन स्वाती विजय जाधव. उशिरा का होईना, आईला जागा मिळाली हे योग्यच झाले. नाव लांबले, एवढीच अडचण.

ही लांबी जाणवते ती परदेशाच्या कागदपत्रांत. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही. आडनाव सोडून उरलेले सगळे एकाच ओळीत येते. विमानाच्या तिकिटावर ही नावे पुष्कळदा जोडून छापली जातात. अमेरिकेत मधले नाव आईवडील आवडीने निवडतात. तिथली बरीच मराठी कुटुंबे मात्र त्या रकान्यात वडिलांचेच नाव घालतात.

जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, पण नावासाठी तेवढी घाई नाही. जन्मनोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत बाळाचे नाव विनाशुल्क नोंदवता येते. त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरावे लागते.