तेल्याचे जिवाणू: जनुके तीच, वागणूक वेगळी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील डाळिंब बागायतदारांना ‘तेल्या’ची ओळख करून द्यावी लागत नाही. पानावर तेलकट ठिपका उमटतो, फळ काळ्या डागाने तडकते आणि पावसाळी हवेत पाहता पाहता मृग बहार हातचा जातो. या रोगाचे कारण झँथोमोनास नावाचा जिवाणू. एका डागात त्याच्या असंख्य पेशी असतात, आणि त्या पुष्कळदा मोजक्याच पेशींपासून वाढलेल्या असल्याने त्यांची जनुकेही जवळजवळ सारखीच असतात. मग त्या सगळ्या एकजुटीने हल्ला चढवत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. जिवाणूंचे जग मात्र इतके शिस्तबद्ध नाही.

असे जिवाणू सुईसारख्या सूक्ष्म यंत्रणेतून आपली प्रथिने वनस्पतीच्या पेशीत सोडतात आणि तिची प्रतिकारशक्ती बोथट करतात. ही सुई घडविणारी जनुके प्रत्येक जिवाणूत असली, तरी प्रत्येकात ती सारखीच जागी नसतात. स्पेनमधील मालागा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये घेवड्याच्या पानांत वाढणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूंत हे दाखवून दिले. या जनुकांना चकाकणाऱ्या प्रथिनाची जोड दिल्यावर एकाच पानातील काही पेशी उजळल्या, काही मंदच राहिल्या.

जनुके चालू करणारी नियामक प्रथिने पेशीत पुष्कळदा अगदी थोडी असतात. चार रेणू कमी-अधिक झाले, की एका पेशीत काम सुरू होते, शेजारणीत होत नाही. शिवाय सुई बाळगणे खर्चाचे असते. माणसाला अतिसार करणाऱ्या साल्मोनेलात सुई घडविणाऱ्या पेशी सावकाश वाढतात, असे २०११ मध्ये आढळले. काहींनी खर्च सोसायचा आणि लाभ सर्वांनी घ्यायचा, हा प्रकार सहकारी कारखान्यांच्या या पट्ट्यात फारसा नवलाचा वाटू नये.

हाच वेगळेपणा औषधापुढेही दिसतो. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये पेनिसिलीनला पुरून उरलेल्या तुरळक जिवाणूंची पुन्हा वाढ केली, तेव्हा त्यांची प्रजा त्याच औषधाने पुन्हा मेली. ते औषधाला सरावलेले नव्हते. औषध आले तेव्हा निजलेले होते. प्रतिजैविकांची फवारणी वाढवून अशा पेशींचा बंदोबस्त होत नाही. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळणे, कलमे निरोगी बागेतूनच आणणे, झाडांना पुरेसा ताण देणे, हे उपाय पेशी जागी आहे की निजलेली, हे पाहत नाहीत.