दोन ट्यूबांत दोन तालुके

जलरंगांची पेटी घेऊन गोव्यात उतरणारे बहुतेक जण थेट समुद्राकडे धावतात. धावोत बापडे! निसर्गचित्र शिकायचे असेल त्याने पेडणे आणि डिचोली गाठावी, तीही दिवाळीच्या सुमाराला. पाऊस सरलेला, ऊन स्वच्छ, आणि हवेत अजून ओल.

ही ओल अनेकांना जाचते. पुण्याच्या उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, बघता बघता वाळतो, कडा करकरीत उमटतात. इथे सकाळी तोच वॉश बराच वेळ ओला राहतो. घाईने दुसरा हात दिला की पाणी आत घुसते आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. धीर असेल तर मात्र याच ओलीत निम्मे काम परस्पर होते.

पेडण्यात शापोरा नदीकाठी ओहोटीच्या वेळी बसा. खारफुटीची मुळे उघडी पडलेली, खाली राखाडी-तपकिरी चिखल. हा रंग दुकानात मागू नका. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत बसतात. वॉश जितका सावकाश वाळेल, तितका पोत दाणेदार. चिखल आपोआप उमटतो. त्यासाठी कागद ३०० ग्रॅमचा, सुती आणि खरबरीत असावा. भरती-ओहोटी साधारण सहा तासांनी पालटते, तेव्हा पाण्याची रेघ पहिल्या पाच मिनिटांत पेन्सिलीने ठरवावी आणि नदी कितीही चढली तरी ती हलवू नये.

डिचोलीत निळ्याचा हात आखडता घ्यायचा, बर्न्ट सिएनाचा सैल सोडायचा. हरवळ्याची लेणी जांभ्यात कोरलेली, रस्त्याकडेची दरड जांभ्याची, आणि २०१२ मध्ये थांबलेल्या खाणींनी उघडी केलेली मातीही तांबडीच. ट्यूबमधला कच्चा हिरवा इथे डोळ्यांत खुपतो. त्यात चिमूटभर हाच सिएना घातला की कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, ताळ्यावर येते.

नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारायला लावले. त्याच्यासमोर बसलात तर उन्हातली भिंत रंगवूच नका. कोरा कागद सोडा, भोवतीची सावली रंगवा. पांढरी ट्यूब वापरणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण जलरंगातला खरा उजेड कागदाचा असतो.

याचा धडा शेजारीच मिळतो. १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे जाण्याआधी पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. त्याच सावंतवाडीत १८८२ मध्ये चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर जन्मले. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र जलरंगातले आहे, हे अनेकांना सांगावे लागते. दिव्याआड धरलेल्या तळहाताची ती लाली पाहा. जलरंगात असा उजेड नंतर वरून चढवता येत नाही, आधीच राखून ठेवावा लागतो.

पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. त्यामुळे मुंबईचा चित्रकार सकाळी निघून दुपारपर्यंत पेडण्यात स्टूल मांडू शकतो. आता त्या सड्याचे चित्र काढायचे तर धावपट्टीही काढावी लागेल, आणि माझ्या मते ती टाळू नये. मात्र खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर बसण्याआधी शेतकऱ्याला विचारावे, आणि भरतीच्या वेळा आदल्या रात्रीच पाहून ठेवाव्यात.